टाचेखालचा तळहात

सर,
स. न. वि. वि.

तुम्ही मला अक्का म्हणता आणि मी तुम्हाला सर म्हणते. वयाने तुम्ही माझ्या धाकट्या मुलापेक्षाही लहान, पण ३४ वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला खरा मास्तर ओळखू येतो, मग तो व्यायाम शिकवणारा का असेना. कोजागरीचं चालून परवा तुळजापूरहून परतले. पोटऱ्या अजून भरलेल्या आहेत, तरी आधी हे लिहायला बसले. तोंडावर सांगायला गेलं की तुम्ही "राहू द्या ओ अक्का" म्हणून वजनं आवरायला लागता. आणि हे चार लोकांनीही वाचावं असं मला वाटतं, म्हणून उघडपणे लिहिते.

गेल्या वर्षी याच रात्री मी तामलवाडीला बसले होते. सोलापूर ते तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर, आणि मी ते बावीस वर्षं न चुकता चाललेली. पन्नाशीनंतर होम मैदानावर पळायला लागले, २१ किलोमीटरच्या सहा शर्यती पुऱ्या केल्या. त्या रात्री मात्र उजव्या टाचेमागची शीर, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी ती, अशी धरली की पाऊल टेकवेना. शेजारून माणसांचा लोंढा "आई राजा उदो उदो" करत पुढे चाललेला, आणि मी मंडपाच्या खांबाला टेकून रडत होते.

पुढचे सहा महिने कसे गेले ते थोडक्यातच सांगते, कारण आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी केसपेपरवरचं वय पाहिलं, पाय पाहिलाच नाही. "साठी झाली, आता पळायचं कशाला? देवदेव करा." एका चकचकीत जिममध्ये वर्षाची फी आधी भरून घेतली, मग कोपऱ्यातल्या सायकलवर बसवलं आणि हातात एकेक किलोचे डंबेल दिले. कुणीही वाईट बोललं नाही. सगळे गोडच बोलत होते, "काकू, जपून" म्हणत होते. त्या जपण्यानेच मी खचले. घरी बसून दुखणं थोडं शमायचं, चार पावलं पळाले की पुन्हा जागं व्हायचं.

पाडव्यानंतर भाचीने तुमच्याकडे आणलं. पूर्व भागातली ती पत्र्याची खोली, भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खटखटाट, आणि बाहेर चैत्रातलं आपल्या सोलापूरचं ऊन. तुम्ही वय विचारलं नाहीत. विचारलंत, "अक्का, कुठपर्यंत जायचंय?" मी म्हटलं, "तुळजापूर." तुम्ही मान हलवलीत आणि मला पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं केलंत.

सर, त्या क्षणासाठी हे सगळं पत्र आहे. टाच सावकाश खाली सोडायची होती आणि मला भीती वाटत होती की शीर तुटेल. तुम्ही फरशीवर मांडी घातलीत आणि माझ्या अनवाणी टाचेखाली आपला तळहात उताणा धरलात. मी दचकून पाय ओढला. चुकून कुणाला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करणारी माणसं! तुम्ही हात तसाच ठेवलात. म्हणालात, "मोजा. पाचापर्यंत मोजत टाच माझ्या हातावर ठेवा. चेमटू नका म्हणजे झालं." मी मोजलं. पाच म्हणताना टाच तुमच्या हाताला लागली. गार, खरखरीत हात होता, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा. दुखलं, पण काही तुटलं नाही. पंधरा वेळा टाच खाली गेली आणि पंधराही वेळा तो हात तिथे होता.

नंतर पाणी पिताना तुम्ही सांगितलंत की हा व्यायाम स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन नावाच्या सर्जनमुळे जगभर गेला. १९९८ साली त्यांनी असंच जुनं दुखणं असलेल्या १५ हौशी खेळाडूंकडून तो १२ आठवडे करून घेतला. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, वाकवून तीन, दिवसातून दोनदा. पंधराच्या पंधरा जण पुन्हा पळायला लागले. त्यातला प्रत्येक जण माझ्याहून तरुण असेल, मला ठाऊक आहे. पण शीर नुसत्या विश्रांतीने बळकट होत नाही, तिला बेताबेताने भार द्यावा लागतो, हे मला पहिल्यांदा कुणीतरी समजावून सांगितलं.

बाकीचंही तुम्ही असंच गळी उतरवलंत. साठीनंतर स्नायू भराभर झडतात, म्हणून नुसतं पळून भागत नाही, आठवड्यातून दोनदा जड वजन उचललंच पाहिजे. तुम्ही माझ्याकडून वाळूचं पोतं उचलवलंत, आधी १० किलोचं, आता २५. एक दिवस जोरात पळाले की पुढचे दोन दिवस हळू, कारण या वयात झीज भरून यायला वेळ लागतो. भाकरीबरोबर शेंगाचटणी आहेच, पण वाटीभर मटकी आणि दहीही हवं. आणि मी कंटाळले की कॅनडाच्या एड व्हिटलॉकची गोष्ट. घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास संथ पळणारा माणूस, २००३ साली वयाच्या ७२व्या वर्षी त्याने मॅरेथॉन तीन तासांच्या आत पुरी केली. मला तीन तास नकोत. मला तामलवाडी ओलांडायची होती.

परवा रात्री रस्त्याकडेला अनोळखी पोरं चालणाऱ्यांचे पाय चेपून देत होती, तेल लावत होती, चहा हातात देत होती. एकानेही कुणाचं वय विचारलं नाही, जात विचारली नाही. अशी माणसं आपल्याकडे उदंड आहेत, सर, रात्रभर दिसली. मग दिवसा खुर्चीत बसल्यावर, पांढरा कोट चढवल्यावर ती कुठे जातात, हे मला कळत नाही. तुम्ही मात्र दिवसाही तसेच आहात.

तामलवाडीला त्याच खांबाजवळ उभ्या उभ्या चहा घेतला आणि निघाले. उजाडता उजाडता तुळजापुरात पोचले. देवळात जायला खाली उतरावं लागतं, पायऱ्याच पायऱ्या, आणि पाय अनवाणी. रात्रभर चालल्यावर उतरताना भलेभले कठड्याला धरतात. मी प्रत्येक पायरीवर चवडा टेकवत होते, मग सावकाश टाच. दगड गार होता. मी मनात पाचापर्यंत मोजत होते.

तुमच्यासाठी कुंकू आणि कवड्यांची माळ आणली आहे. बुधवारी येते. पोत्यात पाच किलो वाढवून ठेवा.

तुमची,
अक्का