"सायब, तुमी वरडता"

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, साइटवर मला कुणी काही सांगतच नाही. सगळं नंतर कळतं." मी नुसतं हूं म्हणालो. पण रात्रभर तुझं ते बोलणं डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

२००४ साली बीडजवळ एका मोठ्या इमारतीचं काम माझ्याकडे होतं. साइट इन्चार्ज म्हणून ते माझं पहिलंच काम. एका सकाळी सेंट्रिंगचा, म्हणजे काँक्रीटला साचा आणि टेकू लावणाऱ्यांचा, मुकादम स्वतःहून सांगत आला, की रात्री दोन कॉलमला कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई आणि साचा यांत अंतर ठेवणारे ठोकळे, लावायचे राहिलेत. हजेरीची वेळ होती, पन्नासेक माणसं जमलेली. चूक कबूल करायला आलेल्या त्या माणसाला मी सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. दुपारपर्यंत कॉलम दुरुस्त झाले आणि माझ्या मनातून विषय संपला. त्याच्या मनातून संपला नव्हता.

महिनाभराने वरच्या मजल्याला साच्याच्या प्लेटा आणि खालून टेकू देणारे प्रॉप कमी पडले. खालच्या स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेपाच मीटरचा. साडेचार मीटरच्या वर गाळा असला की चौदा दिवस प्रॉप ठेवायचे, हे काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, लिहिलंय आणि त्या मुकादमाला ते पाठ होतं. तरी त्याने आठव्या दिवशी प्रॉप काढले. मला कळलं ते स्लॅबच्या पोटाला चिरा दिसल्यावर. खाली कुणी नव्हतं, तेवढं नशीब. तो गाळा तोडून पुन्हा ओतावा लागला. "सामान कमी पडतंय हे मला आधी का नाही सांगितलं?" असं मी विचारलं, तर खाली बघत तो म्हणाला, "सायब, तुमी वरडता."

मुक्ता, या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझ्या डोक्यात किल्लारी कायमची बसली आहे, हे तुला माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला तेव्हा मी लातूरला डिप्लोमा करत होतो. पोरांबरोबर मदतीला गेलो. माळवदाची घरं होती ती. दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंती, वर लाकडं आणि मातीचा जाड थर. बाहेरून बघितलं तर गढीसारखी भक्कम. कोसळलेल्या भिंतीजवळ उभं राहिल्यावर दिसलं, की भिंतीचा आतला पदर वेगळा आणि बाहेरचा वेगळा. मध्ये माती आणि गोटे भरलेले. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. पिढ्यान् पिढ्या माणसं त्या भिंतींच्या आधाराने झोपली. आत काय आहे ते फक्त बांधणाऱ्या गवंड्याला माहीत होतं.

काँक्रीटचंही तेच आहे गं. क्यूब, म्हणजे नमुन्याच्या काँक्रीटचा ठोकळा, ताकद बघायला आपण अठ्ठाविसाव्या दिवशी फोडतो, तोवर वरचा मजला चढलेला असतो. आणि क्यूब बोलतो ते नमुना घेतलेल्या मालाबद्दल. बीम-कॉलमच्या जोडावर सळ्यांच्या गर्दीत काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची निडल खालपर्यंत गेली का, नमुना घेऊन झाल्यावर काँक्रीट आणणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरमध्ये कुणी पाण्याचा पाइप सोडून माल पातळ केला का, हे क्यूबला कसं कळणार? निडल धरणाऱ्या पोराला ते कळतं. त्याने तुझ्याकडे येऊन बोलावं, यासाठी जे जे करावं लागेल ते कर. रोजचा रिपोर्ट (डीपीआर), बिलं, प्लॅनिंगच्या मीटिंगा तुला सहा महिन्यांत जमतील.

२०१६ चा उन्हाळा तुला आठवत असेल, तू शाळेत होतीस. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते वर्ष. आमचं काम शहराबाहेर होतं आणि क्युरिंगला, म्हणजे ताजं काँक्रीट ओलं ठेवायला, टँकर लांबच्या बोअरवरून यायचा. एका सकाळी पाणी मारणारा म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, दोन दिस स्लॅबला पाणी नाही मारलं. वस्तीवरल्या बाया घागरी घेऊन आल्या, त्यांना दिलं." तसल्या कोरड्या उन्हात साध्या सिमेंटलाही किमान दहा दिवस ओल लागते, पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, चौदा. आमचं पीपीसी होतं, ओतून पाचच दिवस झाले होते.

मी त्याला खुर्चीवर बसवलं, आधी चहा दिला. मग त्याच तासाला स्लॅबवर ओलं बारदान आणि त्यावर प्लास्टिक अंथरलं, क्युरिंगचे दिवस वाढवले. पुढे ताकद अजमावायला रिबाउंड हॅमर मारून पाहिला, शंका वाटली तिथले कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल तुकडे, कापून काढले. स्लॅब वाचला. वस्तीसाठी वेगळा टँकर लावला, त्याचा खर्च वरच्यांकडून मंजूर करून घ्यायला मला महिनाभर भांडावं लागलं. बीडचा मी असतो तर त्या म्हाताऱ्याने माझ्यासमोर तोंड उघडलं नसतं.

तू म्हणालीस, मुलगी म्हणून आवाज चढवला नाही तर कुणी मोजत नाही. तुझी अडचण मला समजते, मला ती कधी आली नाही हेही खरं. पण माय, पोअर, म्हणजे काँक्रीट ओतणं, थांबवायला आवाज लागत नाही. पोअर कार्डवर, म्हणजे ओतायच्या परवानगीच्या कागदावर, सही करायची नाही आणि जागेवरून हलायचं नाही, मग मालक स्वतः येऊन उभा राहिला तरी. तिथे अजिबात माघार घेऊ नकोस. आणि ज्याने स्वतःहून चूक सांगितली त्याला चारचौघांत एक शब्द बोलू नकोस. दुरुस्ती मात्र पूर्ण करून घे, त्यात दयामाया नको.

परवा उन्हामुळे रात्रीचा पोअर लावलाय म्हणालीस. संध्याकाळी उजेड असतानाच स्लॅबखाली जा, प्रॉपला एकेक करून हात लावून बघ. कालच ज्याच्यावर ओरडलीस त्या मुकादमाला बरोबर घे. त्याला विचार, "तुम्हाला कुठला प्रॉप खटकतोय?" तो पहिल्यांदा "काही नाही मॅडम" म्हणेल. थोडी थांब, पुन्हा विचार.

पोअर संपला की फोन कर. कितीही वाजू देत, मी जागा असेन.

तुझे,
बाबा