सूचना : झाडं फुलावर असताना

सभासदहो, बहर संपेपर्यंत फवारणी बंद ठेवा. कडुनिंबाचं तेलसुद्धा उघड्या फुलांवर नको. मधमाश्यांना त्रास होतो. कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) चिकटलेला दिसला तर पाण्याची जोरदार धार मारा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. त्यातच काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा सुसरीसारखी अळी फिरत असेल तर ती ढालकिड्याची (लेडीबर्डची). मावा हेच तिचं खाणं, तिला चिरडू नका (हे दरवर्षी सांगावं लागतं!).

पक्ष्यांसाठी उथळ भांड्यात ३ ते ५ सेंमीच पाणी ठेवा. मधे खडबडीत दगड हवाच, नाहीतर मधमाश्या बुडतात. भांडं रोज घासून पाणी बदला. आठवडाभर साचलं की डास झालेच.

कुंपणाच्या छाटणीआधी आत घरटं नाही ना, बघा.