बंद कचेरी आणि बर्फातली गुरं

स्टर्जिस, साउथ डकोटा
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सीना नदीच्या पुराचं पाणी ओसरलं, तलाठी पंचनामा करून गेले, हे दादाकडून कळलं. कपिला गाय गेली, म्हैसही गेली. आई त्या दिवशी फोनवर आली नाही, ते मी समजले.

तुम्ही विचारलंत, "तिकडं असं झालं तर सरकार काय देतं?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात येणारा प्रत्येक जुना पशुपालक कधी ना कधी २०१३च्या ऑक्टोबरमधल्या बर्फवादळाचा विषय काढतोच. गुरं अजून उन्हाळी कुरणात होती, अंगावर थंडीची दाट लव आलेली नव्हती. आधी पाऊस झाला, अंगं चिंब भिजली. मग त्याच पावसाचं बर्फ झालं, आणि वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. वाऱ्याला पाठ करून गुरं चालत सुटली ती नाल्यात, तळ्यात, कुंपणाच्या तारांवर जाऊन पडली. हजारोंनी गेली. बर्फ वितळल्यावर माणसं अंगावरच्या डागणीवरून कुणाचं कुठलं ते ओळखत फिरत होती. मोठाले खड्डे खणून पुरावी लागली.

आणि नुकसानीची दाद मागायची ती सरकारी शेती कचेरी? बंद! वॉशिंग्टनमध्ये खर्चावरून भांडण लागलेलं, १ ते १६ ऑक्टोबर सगळा कारभार ठप्प. कचेरी उघडी असती तरी उपयोग नव्हता म्हणा, कारण जनावरांच्या भरपाईची योजना २०११मध्येच मुदत संपून बंद पडली होती. तरी जाणती माणसं सांगत होती : फोटो काढा, मोजून लिहून ठेवा, डॉक्टरची सही घ्या. पुढेमागे काही निघालं तर! आबा, मेलेली गाय मोजत बसायचं, तेही कुणी देईल याची खात्री नसताना.

फेब्रुवारी २०१४मध्ये नवा शेती कायदा झाला, मागच्या नुकसानीलाही लागू केला. अर्ज १५ एप्रिलपासून. ज्यांनी हिशेब ठेवला होता, त्यांचं निभावलं.

ठरवून दिलेल्या बाजारभावाच्या ७५ टक्के मिळतात. एरवीही वर्षाला काही जनावरं मरतातच, तेवढी वजा करतात. पुरावा मात्र शेतकऱ्यानं आणायचा. आपल्याकडे तलाठ्याची वाट बघायची, इथं आपला पंचनामा आपणच करायचा. कुठलं बरं, मला अजून ठरवता येत नाही. एका शेतकऱ्याला किती द्यायचे याची मर्यादा इथंही होती, ती २०१८मध्ये काढली. आपल्याकडची, तीनच जनावरांपर्यंत भरपाई द्यायची अट आत्ता काढली म्हणे. पण भरपाईच्या साडेसदतीस हजारांत दुभती म्हैस कुठं येते, हे तुम्हाला मी काय सांगू!

त्या वेळी सरकारच्या आधी धावून आले ते शेजारच्या माँटाना राज्याचे पशुपालक. त्यांनी आपल्या गाभण कालवडी ट्रकमध्ये घालून पाठवल्या.

गंमत बघा, यंदाही १ तारखेपासून इथला कारभार ठप्पच आहे.

पंचनाम्याची प्रत जपून ठेवा. कपिलेच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर दादानं लिहून ठेवलाय ना? आणि मोडनिंबच्या बाजारात एखादी कालवड बघून ठेवा, पैसे पाठवते. सरकारचे आले की ते गोठ्याला लावा, मला परत नकोत.

आईला नमस्कार.

तुमची,
बायो