लाक्साचे दुकान आणि पर्यटकांची यादी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतील सिंगापूरच्या खाद्यभ्रमंतीवरचा लेख वाचला. लेख माहितीचा आहे. मात्र लाक्सा या नारळाच्या दुधातल्या तिखट, रसदार शेवयांची बोळवण त्यात ‘काटोंगला जाऊन खावा’ एवढ्या एका वाक्यात झाली आहे. काटोंगचे नाव गाजलेले आहे, हे मान्यच. २०१३ साली तिथल्या एका दुकानाने गॉर्डन रामसे या ब्रिटिश शेफला लाक्साच्या जाहीर सामन्यात हरवले आणि पर्यटकांच्या यादीत त्या भागाचे स्थान आणखी पक्के झाले. माझे पाय मात्र इतकी वर्षे इथे राहूनही वळतात ते जालान बर्सेह रस्त्यावर, एका सरकारी वसाहतीच्या तळमजल्यावरील कॉफीच्या दुकानात चालणाऱ्या ‘सुंगेई रोड लाक्सा’कडे.

१९५६ पासून चालत आलेला हा धंदा मूळचा सुंगेई रोड परिसरातला. तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरत असे आणि मुंबईप्रमाणेच त्यालाही लोक चोरबाजार म्हणत. तो बाजार १० जुलै २०१७ रोजी कायमचा बंद झाला. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सिंगापूर सरकारने १९७० आणि ८०च्या दशकांत पक्क्या छपराखाली आणले होते. जालान बर्सेहचे दुकानही असेच छपराखाली असल्यामुळे शेजारचा बाजार उठला तरी पातेले चुलीवर राहिले. (आपल्याकडे फेरीवाला हटवणे आणि फेरीवाल्याला जागा देणे या दोन कामांतले पहिलेच तेवढे तत्परतेने होते, हे जाता जाता नमूद करतो.)

या दुकानाचे वैशिष्ट्य म्हणजे रस्सा आजही कोळशाच्या शेगडीवर तापतो. यात जुन्या काळाची हौस नाही. नारळाचे दूध खळखळून उकळले की फुटते आणि तेल वेगळे होते, हे आपल्याकडे कोणत्याही सुगरणीला सांगावे लागत नाही. लाक्साचा रस्सा तर तासन्‌तास गरम ठेवायचा, पण उकळू द्यायचा नाही, आणि त्यासाठी कोळशाची मंद, एकसारखी धग सोयीची पडते. वाडग्यात जाड, आखूड केलेल्या तांदळाच्या शेवया आणि मोड आलेले मूग घातले की वाढणारा त्यावर पळीभर रस्सा ओततो, पळीच्या पाठीने शेवया दाबून धरतो आणि रस्सा पुन्हा पातेल्यात निथळून घेतो. असे अनेकदा झाल्यावर शेवया आतपर्यंत तापतात, रस्सा पाणचट होत नाही आणि वाडगाही गरम होतो. मग माशाच्या वड्यांचे काप, शिंपल्या, लाक्साच्या पाल्याची बारीक चिरलेली पाने आणि चमचाभर लाल मिरचीचे वाटण. खायला फक्त चमचा मिळतो, आणि शेवया आखूड असल्यामुळे काड्यांची उणीव भासत नाही.

चवीबद्दल लिहायचे तर, पहिल्या घोटाला नारळाचा गोडवा लागतो आणि तिखट मागाहून, घशापाशी जाणवते. कुलंजन, गवती चहा, हळद आणि सुक्या मिरच्यांचे वाटण त्यात असते. पण रश्शाला खोली येते ती सोड्यांमुळे आणि बेलाचानमुळे. बेलाचान म्हणजे मीठ लावून आंबवलेल्या, कुटून वाळवलेल्या जवळ्याची वडी. कोकणातल्या माणसाला हा पदार्थ पहिल्याच वाडग्यात आपला वाटतो याचे कारण इथे आहे, असे माझे मत आहे. उलट चिंच आणि माशाच्या रश्शातला पेनांगचा आंबट लाक्सा, ज्यात नारळाचे दूध नसतेच, माझ्या जिभेला अजून पुरता रुचलेला नाही.

याच कारणाने आपल्या लेखातील एका विधानाची दुरुस्ती होणे आवश्यक आहे. ‘शिंपल्या न घालता मागितल्यास शाकाहारींनाही चालेल’ असे त्यात म्हटले आहे. तसे नाही. सोडे आणि जवळा वाटणातच शिजलेले असतात, ते वरून काढता येत नाहीत. महाराष्ट्रातून आलेल्या एका सहलीच्या मार्गदर्शकाने हाच सल्ला दिल्यामुळे दोन ज्येष्ठ, आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या बाईंनी तो रस्सा आनंदाने संपवलेला मी शेजारच्या टेबलावरून पाहिला आहे. सांगायला उठेपर्यंत वाडगे रिकामे झाले होते आणि मग सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता. मांसाहारींसाठीही एक सूचना करावीशी वाटते: शिंपल्या इथे जेमतेम वाफवलेल्या असतात, तेव्हा ज्यांचे पोट नाजूक आहे त्यांनी त्या वगळायला सांगाव्यात, दुकानदार त्याबद्दल मुळीच नाराज होत नाही.

मुस्तफा सेंटरमध्ये खरेदीला जाणे कोणत्याही मराठी पर्यटकाला चुकत नाही. तिथून हे दुकान पायी जाण्याच्या अंतरावर आहे. दुपार कलण्याआधी जावे, आठवड्याच्या सुट्टीची आधी चौकशी करावी, टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायची तयारी ठेवावी आणि खाऊन झाल्यावर वाडगा ठरलेल्या जागी स्वतः नेऊन ठेवावा, कारण इथे आता तो नियम आहे.

सिंगापूरच्या फेरीवाल्यांच्या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या वारशाच्या यादीत स्थान दिले, याचा उल्लेख आपल्या लेखात ठळकपणे आहे. त्याच ठळकपणे शाकाहाराविषयीची दुरुस्ती पुरवणीच्या पुढील अंकात छापावी आणि यापुढे परदेशी पदार्थांवरच्या प्रत्येक लेखात रस्सा कशाचा आहे हे एका ओळीत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सिंगापूर