मुंग्या नाहीत रे, सूत्रकृमी

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास की जगात सगळ्यात जास्त संख्या मुंग्यांचीच असणार, आणि डाळिंबाच्या मुळांवरच्या गाठींचा विषय निघाला तेवढ्यात रेंज गेली. दोन्हीचं उत्तर एकच आहे, सूत्रकृमी, म्हणजे मातीत राहणारे धाग्यासारखे अगदी बारीक जंत, म्हणून सविस्तर लिहितोय.

२०१९ साली जगभरातले साडेसहा हजारांच्या वर मातीचे नमुने तपासून शास्त्रज्ञांनी अंदाज काढला की जमिनीच्या नुसत्या वरच्या थरात सूत्रकृमी आहेत ४४ वर १९ शून्यं! म्हणजे दर पाच प्राण्यांतले चार हेच, आणि एकेका मुंगीमागे वीसेक हजार. सगळ्यांचं मिळून वजन ३० कोटी टन. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की सगळ्यात दाट वस्ती आपल्या उष्ण पट्ट्यात नाहीच, ती आहे पार उत्तरेला टुंड्रात नि थंड जंगलांत, कारण तिथे पालापाचोळा लवकर कुजत नाही, सेंद्रिय कर्ब मातीत साठून राहतो.

आता तुझी गाठ. ब्लेडने हळू चीर आणि भिंगातून बघ, टाचणीच्या डोक्याहून बारीक, पांढरी, नासपतीच्या आकाराची मादी दिसेल. पिल्लू असताना ती मुळीच्या टोकातून आत शिरते, तिथल्या पेशी फुगवते आणि जन्मभर तिथेच बसून खाते, शेवटी चिकट गोळ्यात शेकड्यांनी अंडी. मूळ असं बंद पडल्यावर झाड दुपारी मान टाकणारच, पाणी कितीही सोड.

पण म्हणून लगेच औषध ओतू नकोस, कळकळीनं सांगतोय. त्याच मातीत बॅक्टेरिया खाऊन मुळांना नत्र मोकळा करून देणारे सूत्रकृमी असतात, दुसऱ्या सूत्रकृमींना खाणारे असतात, आणि उसातल्या हुमणीत घुसून तिला मारणारेसुद्धा, ती अळी मेल्यावर विटकरी लाल पडते. जहाल औषधानं हे सगळेच जातात आणि गाठीवाले परत येतात. झेंडू लाव ओळीत, निंबोळी पेंड टाक.

आधी माती तपासून घे मात्र. वरची नको, मुळांजवळची वीतभर खोलीची, चार-पाच झाडांखालची एकत्र कर, थोड्या पांढऱ्या मुळ्या टाक, आणि उन्हात अजिबात वाळवू नकोस, ओलीच पिशवीत बांधून सावलीत ठेव. रविवारी येतोय, सोमवारी दोघं जाऊन लॅबला देऊ.

तुझा,
राजा