परीक्षकांनो, मुलांकडे बघून मान तरी डोलवा!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रतिभा कारंजी (कर्नाटकातल्या शाळांची कलागुण स्पर्धा), वक्तृत्व, स्नेहसंमेलन यांची धावपळ आता सुरू होईल, म्हणून हे पत्र. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी शिकवलं. निवृत्तीनंतरही मुलांची भाषणं बसवून देते. "सारखं स्टेजवर उभं करा, भीती आपोआप मोडते," असं पालकही म्हणतात आणि शिक्षकही. पण हे सगळ्याच मुलांना लागू पडत नाही.

गेल्या वर्षी एका स्पर्धेला सातवीतली एक मुलगी घेऊन गेले होते. नाव पुकारलं तेव्हा तिचा हात गार पडला होता, घामानं कागदावरची शाई फुटली होती. दोन वाक्यं झाली आणि जीभ टाळूला चिकटली. परीक्षक माइकवरूनच म्हणाले, "पाठ नसेल तर येता कशाला?" बाहेर व्हरांड्यात घोटभर पाणी पिऊन तिनं अख्खं भाषण मला घडाघडा म्हणून दाखवलं.

जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली एक चाचणी मांडली. परीक्षकांपुढे ५ मिनिटं बोलायचं, मग ५ मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं. परीक्षकांनी हसायचं नाही, मान हलवायची नाही. एवढ्यानं बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढतं. १९९५ मध्ये २० निरोगी पुरुषांना अशा परीक्षेला ५ दिवस रोज उभं केलं. १३ जण दुसऱ्या दिवसापासून निवळले. उरलेल्या ७ जणांचं कॉर्टिसोल रोज चढतच राहिलं, आणि हेच लोक स्वतःला कमी लेखणारे निघाले. अशा मुलाला नुसतं पुन्हा पुन्हा स्टेजवर ढकलून काय साधणार? माइकवरून अपमान झाला तर ते स्वतःला आणखीच कमी लेखेल. त्यात आमच्या सीमाभागातल्या मुलांना परीक्षकांनी कन्नडमधून प्रश्न विचारला, की येत असलेलं उत्तरही घशात अडकतं.

सभाधीट मूल कुठेही बोलेल, त्याची मला काळजी नाही. घाबरणाऱ्याला आधी वर्गात चार मैत्रिणींपुढे बोलू द्या, जे जमलं ते नेमकं सांगा. परीक्षकांनी मुलाकडे बघावं, मान डोलवावी. आयोजकांनी हे त्यांना आधीच सांगावं आणि अडलेल्या मुलाला पुढचं वाक्य सुचवायला त्याच्या शिक्षकांना स्टेजच्या कडेला उभं राहू द्यावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. खानापूर, जि. बेळगाव