कोनाड्यातली कपबशी

सिएटल,
५ मार्च २०२३

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी, पेपरात इथल्या जातिभेदविरोधी कायद्याची बातमी वाचून, बाबांनी मला फोनवर विचारले की, "तू त्या भानगडीत नव्हतीस ना?" आणि मी "नाही" म्हणाले. ते खोटे होते. २१ फेब्रुवारीला मी रजा काढून इथल्या नगर परिषदेच्या सभेत बोलायला गेले होते, आणि जे बोलले त्यात आपले घर होते. त्या सभेचे चित्रण कोणालाही पाहता येते. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या कोणाच्या तरी मोबाइलवरून ते तुमच्यापुढे येण्याआधी माझ्याकडून कळावे, म्हणून हे पत्र.

वंश, धर्म, लिंग अशा कारणांवरून नोकरीत किंवा घर भाड्याने देताना भेदभाव करायला इथल्या कायद्यात आधीपासूनच बंदी आहे. त्या यादीत जातही घालावी, असा प्रस्ताव परिषदेच्या सदस्य क्षमा सावंत यांनी मांडला होता. विरोध करणारे बहुतेक आपले भारतीयच होते, काहींच्या घरी मी गणपतीला जेवले आहे. या कायद्यामुळे आपल्या साऱ्या समाजाकडे संशयाने पाहिले जाईल, हे त्यांचे भय मला अगदीच पोकळ वाटत नाही. तरीही मी दुसऱ्या बाजूला उभी राहिले, आणि त्याचे कारण एका जेवणाच्या सुट्टीत घडले होते.

आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मराठी मुलाच्या खांद्यावरून एका ज्येष्ठ सहकाऱ्याने, कौतुकाने थोपटावे तसा, हात फिरवला. तो हात जानवे चाचपत होता. जेवण झाल्यावर त्या मुलाने मला हळूच विचारले, "तुम्ही पाहिलंत ना?" मी त्यालाही "नाही" म्हणाले. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी मिळवावी लागते, नाहीतर गाशा गुंडाळावा लागतो. हे कारण खरे आहे, पण त्या क्षणी ते माझ्या मनात आलेही नव्हते. मी नुसती सवयीने गप्प बसले, आणि ती सवय कुठली हे शोधू लागले तेव्हा मला आपल्या परसातला कोनाडा आठवला.

मला इथे मताचा अधिकार नाही, पण त्या सभागृहात बोलायला मतदार असावे लागत नाही, नाव नोंदवले की पुरते. पहाटेच्या थंडीत रांगेत उभी राहिले आणि पाळी आल्यावर सांगितले की, आमच्या घरी झाडलोट करायला येणाऱ्या मावशींसाठी कान तुटलेली एक कपबशी परसातल्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे, त्या ती स्वतः विसळून पालथी घालत, आणि मी अठरा वर्षांची होईपर्यंत त्यात मला काही वावगे वाटले नाही. आई, तुझे नाव मी घेतले नाही. पण ते घर तुझे आहे हे ओळखणाऱ्यांना ओळखू येईल, आणि त्याबद्दल मी तुझी क्षमा मागते. सांगितल्याबद्दल मात्र मागू शकत नाही.

बाबा, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात शाहू महाराज मुद्दाम थांबून चहा घेत, ही गोष्ट भाऊसिंगजी रोडवरून स्कूटरने जाताना तुम्हीच मला दर वेळी सांगायचात. ती ऐकून घरी आल्यावर मी त्या कोनाड्यावरून रोज ये-जा करत होते, आणि आपल्या दोघांनाही कधी अडखळायला झाले नाही. परक्या मुलखात आपण बरे, आपले काम बरे, असे तुम्ही आता म्हणता. पण टोलविरोधी मोर्चात एन. डी. पाटील सरांच्या मागे भर उन्हात चालून तुम्ही पायाला फोड आणले होते, तेव्हा आईने हेच म्हटले होते आणि तुम्ही तिचे ऐकले नव्हते.

प्रस्ताव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी सांगितले की, त्या दिवशी मी पाहिले होते. तो म्हणाला, "माहीत आहे."

आई, ती कपबशी अजून तिथेच आहे का, एवढे मला कळव. मावशींचे गुडघे दुखतात असे तू म्हणाली होतीस, त्यांच्या औषधाचे पैसे मी वेगळे पाठवते. बाबा रागावले असतील तर ते येत्या रविवारी फोनवर आले नाहीत तरी चालेल. मी नेहमीच्या वेळी करीनच.

तुमची,
धाकटी